मुन्शी आणि मुनीम

वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी पहिल्या पानावर एक बातमी येते. दिल्लीतील अमुक देशाच्या वकिलातीतील अधिकाऱ्याला गुप्त कागदपत्रे घेताना रंगेहाथ पकडले. त्याला अवांछित व्यक्ती ठरवून अमुक तासांत देश सोडण्याचा आदेश दिला. ज्या दिवशी ही बातमी येते त्या दिवशी सकाळी फिरून येताना हिंगोलीच्या चहाच्या हॉटेलात मला हमखास प्रश्न विचारला जातो. मी पस्तीस वर्षे बँकेत होतो, चार कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा मला सगळे ठाऊक असणार असा मंडळींचा समज आहे. प्रश्न असा, की "साहेब, रंगेहाथ पकडला म्हणता, मग सोडला कशाला? गाडीत बसवून विमानतळावर पोचवता, म्हणजे पाहुणचारच झाला की! आपल्या गावात कोंबडी चोरली तरी रात्रभर आत बसवतात."

प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर मी कायद्याच्या पुस्तकात नंतर शोधले. पण त्याआधी ते मला घरातच मिळाले होते. माझ्या आजोबांना हेर म्हणून पकडले होते. तेही हिंदुस्थानचा हेर म्हणून!

आजोबा हिंगोलीतल्या एका अडत दुकानात मुनीम होते. गोष्ट १९४८ च्या उन्हाळ्यातली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आणि परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला; आम्ही झालो नव्हतो. कळमनुरीच्या पुढे जाऊन पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागायचे आणि वऱ्हाड म्हणजे हिंदुस्थान. आमची अर्धी सोयरीक नदीच्या पलीकडची. पुसद, उमरखेडच्या लेकी आमच्याकडे आणि आमच्या तिकडे. पण त्या वर्षी नदी ही सरहद्द झाली होती. पलीकडे उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. त्यामुळे पलीकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहिले जाई.

आजोबा दुकानाची वसुली करायला पलीकडे गेले होते. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी, पायी उतरून परत आले. खिशात एकशे चाळीस रुपये कलदार होते. तरुण वाचकांसाठी सांगायला हवे, की निजामाचे चलन वेगळे होते, त्याला हाली सिक्का म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला म्हणायचे कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशेब. हिंदुस्थान सरकार आणि निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून संस्थानात हिंदुस्थानचे चलन बेकायदा ठरवले. दुकानाच्या वसुलीचे पैसे नदी ओलांडताच गुन्ह्याचा पुरावा झाले.

वर खिशात मोडीत लिहिलेला एक कागद निघाला. कोणाकडे किती गाठी कापूस आणि किती बाकी, एवढेच त्यावर होते. नाक्यावरच्या माणसाला मोडी येत नव्हते. त्याने आकडे पाहिले आणि ठरवले, की हा सांकेतिक मजकूर असून गाठी म्हणजे बंदुका. "किस के आदमी हो?" या प्रश्नाला आजोबांनी प्रामाणिकपणे शेठजींचे नाव सांगितले. ते कोणाला पटले नाही. एका ठाण्यात त्यांना नऊ दिवस बसवून ठेवले. आजी सांगायची, परत आले तेव्हा डाव्या कानाने त्यांना नीट ऐकू येत नव्हते. का, ते त्यांनी कधीच सांगितले नाही.

त्याच महिन्यांत हैदराबाद शहराजवळ बोलारमला दुसरे एक गृहस्थ राहत होते. कन्हैयालाल माणिकलाल मुन्शी. गुजराती कादंबरीकार, नामवंत वकील आणि 'जैसे थे' करारानुसार नेमलेले हिंदुस्थान सरकारचे एजंट जनरल. करारातच लिहिले होते, की दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमावेत आणि त्यांना कामासाठी सर्व सोयी द्याव्यात. जानेवारी १९४८ मध्ये ते आले. निजाम सरकारला ते मुळीच नको होते. राहायला सरकारी घर मिळेना, तेव्हा हिंदुस्थानी फौजेच्या ताब्यातल्या बोलारमच्या इमारतीत त्यांची सोय करावी लागली. आपल्या संस्थानात बसून हा माणूस दिल्लीला बातम्या कळवतो, असा निजाम सरकारचा राग होता. आणि बातम्या तर ते कळवतच होते! त्याचसाठी त्यांची नेमणूक होती. सरदार पटेलांना हैदराबादमध्ये काय चालले आहे हे त्यांच्याकडूनही कळत होते.

आजोबा म्हणायचे, "मुन्शीला हात लावता येईना, म्हणून मुनिमाला धरलं."

लहानपणी मी या वाक्यावर हसायचो. बँकेत लागल्यावर आणि पुढे कायदा थोडाफार वाचल्यावर कळले, की परक्या देशाचे वकील आणि हेरगिरी या विषयाचे सगळे मर्म त्या वाक्यात आहे.

मुळात ती पैनगंगेची सरहद्द कशी झाली, हेही ऐकण्यासारखे आहे. हिंगोली ही जुनी छावणी. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची पलटण इथे असायची. फौज निजामाच्या नावाची, खर्च निजामाचा, हुकमत मात्र इंग्रज अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या डोक्यावर हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट. रेसिडेंट म्हणजे नावाला दरबारातला कंपनीचा वकील, प्रत्यक्षात मालक. या वकिलाने दरबारी कारभारात ढवळाढवळ करू नये असा कायदा तेव्हा कोणी करणार नव्हते. फौजेच्या खर्चाचे कर्ज निजामाच्या डोक्यावर चढत गेले आणि १८५३ च्या कराराने त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. आमच्या छावणीच्या बिलातून नदीकाठी सरहद्द उभी राहिली आणि पंचाण्णव वर्षांनी त्याच नदीकाठी आजोबा अडकले. परक्या वकिलाला कुठवर मोकळीक द्यायची, हा प्रश्न म्हणूनच मला दिल्लीपुरता वाटत नाही.

दूताला मारू नये हा दंडक आपल्याला नवा नाही. रामायण ऐकलेल्या प्रत्येकाला लंकेचा दरबार आठवेल. मारुतीने अशोकवनाचा विध्वंस केला, राक्षस मारले. रावण त्याला मारायला निघाला तेव्हा बिभीषण मध्ये पडला. दूताला फटके मारता येतील, मुंडन करता येईल, विद्रूप करता येईल. पण वध कुठे ऐकलेला नाही, असे त्याने सांगितले. म्हणून प्रकरण शेपटीवर निभावले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही दूत अवध्य आहे. गंमत अशी, की शत्रूच्या राज्यातले किल्ले, सैन्य आणि फितूर होऊ शकणारी माणसे हेरून ठेवणे हे कामही तोच कौटिल्य दूताला सांगतो. दूत आणि हेर यांच्यातली रेघ पुसट आहे, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होते.

आधुनिक कायद्याची गोष्ट मात्र सावकारीपासून सुरू होते, म्हणून माझ्यासारख्या बँकवाल्याला ती फार आवडते. १७०८ मध्ये लंडनमध्ये रशियाचा राजदूत मातवेयेव मायदेशी परतायच्या तयारीत होता. त्याची देणी थकली होती. सावकारांनी बेलिफ पाठवून त्याला भर रस्त्यात बग्गीतून खेचले आणि अडकवून ठेवले. रशियाचा झार पीटर संतापला. गुन्हेगारांना देहान्त द्या म्हणाला. इंग्लंडच्या राणीची पंचाईत झाली, कारण तशी शिक्षा देणारा कायदाच तिच्याकडे नव्हता. शेवटी पार्लमेंटने नवा कायदा केला, की राजदूताला आणि त्याच्या नोकरांना अटक करणारा हुकूमच रद्दबातल. १७०८ चा कायदा म्हणून तो ओळखला जातो. राणीने झारची माफी मागितली आणि कायद्याची सजवलेली प्रत त्याला पाठवली.

मी दिल्लीच्या शाखेत होतो तेव्हा असला एक मातवेयेव माझ्याही वाट्याला आला होता. एका देशाच्या वकिलातीतला दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला अधिकारी, देशाचे नाव सांगत नाही. हसतमुख, दिवाळीला मिठाई पाठवणारा. गाडीसाठी कर्ज घेतले, आठ हप्ते भरले आणि एक दिवस बदली होऊन निघून गेला. गाडी त्याआधीच दुसऱ्या कोणाकडे गेली होती. मी जोरात वसुलीची नोटीस तयार केली. आमच्या विधी विभागातल्या वयस्कर साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ वाचलंय का?" परक्या देशाच्या राजदूतावर आणि त्याच्या कचेरीतल्या लोकांवर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. मी म्हणालो, "म्हणजे पैसे बुडाले?" ते म्हणाले, "बुडाले असं नाही. परराष्ट्र खात्याला पत्र लिहा आणि वाट बघा." दीड वर्षाने वकिलातीतून धनादेश आला. त्या दीड वर्षात मी व्हिएन्ना कराराचे सगळे कलम वाचून काढले.

१८ एप्रिल १९६१ ला व्हिएन्नामध्ये झालेला हा करार आज जगातले जवळजवळ सगळे देश मानतात. भारत १९६५ मध्ये त्यात सामील झाला आणि १९७२ मध्ये संसदेने खास कायदा करून त्यातल्या तरतुदींना देशात कायद्याचे बळ दिले. करार सोप्या भाषेत असा. राजनैतिक अधिकाऱ्याला कुठल्याही कारणाने अटक करता येणार नाही. त्याच्यावर फौजदारी खटला चालणार नाही. वकिलातीच्या आवारात तिच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय पोलीस पाऊल टाकणार नाहीत. तिची टपालाची थैली कोणी उघडणार नाही.

याच्या बदल्यात त्याच्यावर बंधने आहेत. यजमान देशाचे कायदे पाळायचे, अंतर्गत कारभारात लुडबूड करायची नाही. यजमान देशातली परिस्थिती जाणून आपल्या सरकारला कळवणे हे तर त्याचे कामच आहे. फक्त ती "सर्व कायदेशीर मार्गांनी" जाणून घ्यायची. सगळा फरक या एका शब्दात आहे. वर्तमानपत्र वाचून, भाषणे ऐकून, बाजारात फिरून कळवले तर तो वकील. छावणीचा नकाशा पैसे देऊन घेतला तर हेर.

आणि हेर निघाला तर? तरी अटक नाही. करारात जालीम उपाय एकच, नववे कलम. कारण न सांगता त्याला अवांछित ठरवायचे आणि परत पाठवायचे. बाकीचे उपाय त्या मानाने सौम्य. वकिलातीत किती माणसे असावीत यावर मर्यादा घालता येते. सुरक्षेच्या कारणाने देशाचे काही भाग त्यांना बंद करता येतात. आपल्या वकिलातीला तिकडे कमी सवलती मिळत असतील, तर १९७२ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार आपलेही सरकार त्यांच्या सवलती कमी करू शकते. जशास तसे, तेही मोजून मापून.

याच्या पलीकडे जाण्याचा मोह मोठमोठ्या देशांना झाला आणि त्यांनी आवरला. ब्रिटनने सप्टेंबर १९७१ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून १०५ सोव्हिएत अधिकाऱ्यांना एका झटक्यात बाहेरची वाट दाखवली. तुरुंगात एकालाही टाकले नाही. १७ एप्रिल १९८४ ला लंडनमधल्या लिबियाच्या वकिलातीतून गोळीबार झाला आणि रस्त्यावर बंदोबस्ताला असलेली एक तरुण महिला पोलीस ठार झाली. अकरा दिवस वेढा घालून शेवटी आतल्या सर्वांना देशाबाहेर जाऊ दिले. सगळे ब्रिटन हळहळले आणि चिडले. मग कायदा बदलला का? १९८७ मध्ये नवा कायदा झाला. वकिलातीच्या इमारतीचा गैरवापर झाला तर त्या जागेची मान्यता काढून घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. माणसाच्या संरक्षणाला मात्र त्यांनी हात लावला नाही. संतापाच्या भरातही हे भान त्यांना राहिले, कारण जगभर त्यांचीही माणसे विखुरलेली होती.

आपलेही तसेच. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात पाकिस्तानी उच्चायुक्तालयातला एक कर्मचारी कागदपत्रे घेताना सापडला. चौकशी झाली, ओळख पटली, सोडला, रवानगी झाली. लगेच इस्लामाबादनेही आपल्या एका कर्मचाऱ्याला परत पाठवले. ३१ मे २०२० ला आणखी दोघे सापडले. त्यांना चोवीस तास मिळाले. त्यानंतर जूनमध्ये भारताने त्यांचे संख्याबळ ११० वरून ५५ वर आणायला सांगितले आणि आपलेही तेवढेच कमी केले. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये हा आकडा दोन्हीकडे ३० झाला. संख्याबळ कमी करताना तिकडची जेवढी माणसे गेली, तेवढी आपली परत आली. दोन्ही देशांनी ऑगस्ट १९९२ मध्ये एकमेकांच्या अधिकाऱ्यांना त्रास न देण्याची आचारसंहिताही लिहून काढली आहे. भांडखोर शेजाऱ्यांनासुद्धा एवढे लिहून ठेवावेसे वाटले!

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे संरक्षण म्हणजे तारण आहे. त्यांची माणसे आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे. आपण त्यांच्या माणसाला अटक केली की दुसऱ्या दिवशी तिकडे आपल्या एखाद्या कारकुनाला, त्याच्या बायकोला, शाळेत जाणाऱ्या मुलाला घराबाहेर पडणे कठीण होईल. आणि त्यावेळी खरा हेर कोण, हे कोणी विचारणार नाही. कोंबडीचोर आणि हा पाहुणा यांच्यात फरक तो एवढाच.

हे तारण नसले की काय होते, ते आपण मराठी माणसांनी जवळून पाहिले आहे. कुलभूषण जाधव हे नौदलातले निवृत्त अधिकारी, जन्म सांगलीचा. व्यवसायासाठी इराणमध्ये असताना त्यांचे अपहरण झाले असे भारताने सांगितले. पाकिस्तानने त्यांना हेर म्हटले. अंगावर राजनैतिक कवच नव्हते. १० एप्रिल २०१७ ला पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. आपल्या वकिलातीच्या माणसाला त्यांना एकदा भेटूही दिले नव्हते. २५ डिसेंबर २०१७ ला आई आणि पत्नी भेटल्या, तेव्हा मध्ये काच होती. भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ ला निकाल लागला, की पाकिस्तानने व्हिएन्नाच्याच १९६३ च्या दुसऱ्या कराराचा भंग केला आहे. भेट द्या, शिक्षेचा फेरविचार करा. ज्या करारांना आपण चहा पिताना शिव्या घालतो, त्याच करारांतल्या एका कलमाने या माणसाची फाशी थोपवून धरली.

मग काहीच बदलायला नको का? हवे. पण ते परक्या वकिलाच्या बाबतीत नाही, असे मला वाटते. त्याच्याबाबतीत कायदा पुरेसा आहे. लागते ती पाळत आणि वेळीच दार दाखवण्याची हिंमत. माझे लक्ष जाते ते बातमीच्या शेवटच्या परिच्छेदाकडे. तिथे एक ओळ असते, की या प्रकरणी स्थानिक अमुक जणांना अटक. २०१६ च्या प्रकरणातही पकडलेला अधिकारी गेला, त्याच्याबरोबरचे भारतीय अटकेत राहिले. १९२३ चा इंग्रजांनी केलेला शासकीय गुपिते कायदा आजही चालू आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार एखाद्याने परक्या हस्तकाच्या पत्त्यावर भेट दिली किंवा त्याचे नाव-पत्ता जवळ सापडला, तरी त्याच्याशी संधान होते असे गृहीत धरता येते. तसे नव्हते हे मग त्याने सिद्ध करायचे.

गैरसमज नको. ज्याने पैशासाठी छावणीची माहिती विकली त्याला कठोर शिक्षा झालीच पाहिजे. इस्लामाबादच्या आपल्या वकिलातीतील एका अधिकाऱ्यावर २०१० मध्ये असा आरोप आला, तेव्हा आपणच दिल्लीत खटला चालवला आणि २०१८ मध्ये शिक्षा झाली. कवच परदेशात असते, स्वतःच्या देशात नसते. ते योग्यच आहे. पण खिशात सापडलेल्या एका पत्त्यावरून माणसाकडे बोट दाखवताना आपण थोडे थांबावे. वकिलाला आठवड्यात विमान मिळते. मुनिमाला जामीन मिळायला वर्ष लागते आणि गावात परत आल्यावर कानाशी कुजबुज आयुष्यभर राहते. आजोबांच्या बाबतीत १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली आणि हिंदुस्थानचा हेर हा आरोप रातोरात कौतुकाचा विषय झाला. सर्वांचे नशीब असे पालटत नाही.

आजोबा गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. १९४८ च्या वहीत मोडीत एक नोंद आहे. नाक्यावर जप्त झालेले एकशे चाळीस रुपये कलदार. ते दुकानाचे होते, म्हणून आजोबांनी पगारातून महिन्याला थोडे थोडे करून भरले. प्रत्येक हप्त्याची तारीख पुढे लिहिली आहे. शेवटचा हप्ता १९५१ चा. १ मे १९९९ ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा जुनी कागदपत्रे चाळताना मी पुन्हा ती वही काढली होती. पलीकडच्या पानावर तीच रक्कम त्यांनी सरकारच्या नावावर 'येणे' म्हणून दाखवली आहे आणि मृत्यूपर्यंत दर दिवाळीला नव्या वहीत ती पुढे ओढली आहे. कुठल्या सरकारच्या नावावर, ते मात्र कुठेच लिहिलेले नाही.